चंदनाचं वाक्य

हातात येईल त्या वस्तूच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, मान तिरपी करायची आणि निकाल द्यायचा, “झिजलाहा.” मरोळच्या आमच्या कारखान्यातल्या मामांची ही खोड. चहाचा पेला असो की माझ्या टेबलाचा कोपरा, कुणाची सुटका नव्हती. एकदा युनियनचा नवा पुढारी पाय पसरून बसला होता. मामांनी वाकून त्याची चप्पल पाहिली आणि माझ्या कानात म्हणाले, “टाच झिजूक नाय. मगे ह्यो कसलो पुढारी?”

मामा दगडावर होते. म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग फिरत्या दगडावर घासून गुळगुळीत करायचे आणि नाकाला रुमाल बांधून आठ तास धूळ खायची. गिरणीची नोकरी संपात गेलेली, त्यामुळे ही सोडायची सोय नव्हती. मी ऑफिसात कारकून. डबा खायला ते माझ्याशेजारी बसत, पण आधी नळावर जाऊन खाकरत. जे पडे ते काळं असे. मला किळस यायची आणि मी तोंड फिरवायचो. आज सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

मग जिना चढताना त्यांना दम लागायला लागला. “माका स्टोरात घाला म्हणान लिव रे,” म्हणाले. मी अर्ज टाइप केला. साहेब म्हणाले, “यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. बघू.” पुढच्या वर्षी दुसरा अर्ज, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. तिसरा तर साहेबांनी वाचलाही नाही, तसाच ड्रॉवरमध्ये सारला.

“काय झाला रे?” मामा दर सोमवारी विचारायचे.

“बघतायत,” मी सांगायचो. साहेबांना आठवण करून द्यायची माझी एकदाही छाती झाली नाही.

शेवटी मामा दगडावरूनच रिटायर झाले. सत्काराचं भाषण साहेबांनी मला लिहायला सांगितलं. आपल्याकडे अशा भाषणात काय लिहितात ते तुम्हाला ठाऊक आहे. मीही तेच लिहिलं आणि वर स्वतःवर खूश झालो. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला आणि कागद वाचला, “मामा या कारखान्यासाठी चंदनासारखे झिजले.” टाळ्या पडल्या. पहिली माझीच.

मामा टेबलाला धरून उठले. दम जमवायला त्यांना बराच वेळ लागला.

“चंदन अर्ज करणा नाय, सायबानू,” ते म्हणाले. “मी तीन केलंय.”

साहेब घाईघाईने हसले आणि वेफर्सची बशी पुढे केली. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

फाटकापाशी मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तूच लिवलंस मा?”

मी मान हलवली.

“बरा लिवलंस,” म्हणाले, आणि नारळ सांभाळत बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मामा गावी गेले. वर्ष भरायच्या आत ते वारल्याची तार आली. साहेबांनी मला बोलावलं. “बोर्डावर दोन ओळी लाव. ते चंदनाचं वाक्य चांगलं होतं, तेच घाल.”

मी जागेवर आलो, मशीनमध्ये कागद चढवला आणि तेच घातलं.