पुनावळ्याचा गठ्ठा

पन्नाशीत अभिलेखांचा कोर्स करताना प्रात्यक्षिकाला मला चाकणच्या एका बंद कंपनीचं दफ्तर मिळालं. पहिल्याच दिवशी मी सगळे गठ्ठे सुटे करून कामगारांच्या फायली आडनावांप्रमाणे लावल्या. वाळवीने नावं खाल्लेल्या फायलींचा वेगळा ढीग केला. तिथला म्हातारा शिपाई तंबाखू मळत नुसता बघत होता.

दुसऱ्या दिवशी एक बाई वारलेल्या नवऱ्याच्या पेन्शनसाठी त्याची फाईल शोधत आल्या. आडनावात ती सापडेना.

शिपायाने विचारलं, "तुमचे मालक कुठनं बसायचे कंपनीच्या बसला?"

"पुनावळ्यातनं."

"कालपातूर पुनावळ्याचा गठ्ठा होता हितं. मॅडमनी समद्यांना एकाच बसमध्ये कोंबलं."

तिघं ढीग उपसत बसलो. फोटो बघून तो थांबा सांगायचा, मी त्याप्रमाणे गठ्ठे बांधायचे. संध्याकाळी बाईंना नवरा सापडला.

"काल का नाही बोललात?" मी शिपायाला विचारलं.

"तुमी शिकायला आलाय न्हवं?"