बारवेतलं निम्मं

आमच्या मंडळाला नाव आहे, शिक्का आहे आणि बसायला अप्पांच्या हार्डवेअरच्या दुकानातली सिमेंटची पोती आहेत. काम एवढंच, मुखेडच्या आसपासचं जुनं दगडी काम सांभाळायचं. यंदा एका बारवेतला गाळ काढला, पण खरं सांगायचं तर गाळापेक्षा किस्सेच जास्त निघालेत. गाळ एकदा बाहेर टाकला की संपतो. किस्स्यांचं तसं नाही. बाजारच्या दिवशी दुकानात कुणीतरी येतं, "ते फोटोचं काय झालतं हो?" म्हणून विचारतं, आणि अप्पा गिऱ्हाइकाचे खिळे तराजूत तसेच ठेवून पहिल्यापासून सुरू होतात. सांगताना ते इतकं तिखट-मीठ लावतात की म्हटलं, एकदा मीच लिहून काढावं.

मंडळात मुख्य माणसं तीन. कपाळावर विभूती आणि खिशात कायम मेजर टेप, ते अप्पा. लातूरच्या कॉलेजात इतिहास शिकवतात आणि दर रविवारी एसटीनं येतात, त्या मॅडम. आणि मी. एसटीतच कंट्रोलर होतो, रिटायर झालो. त्यामुळे मी वेळेवर पोचतो आणि बाकीच्यांवर चिडतो.

चौथे माधवराव. ते मंडळात नाहीत. बारव त्यांच्या शेतात आहे.

*

पहिल्यांदा परवानगी मागायला गेलो तेव्हा माधवराव आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यापुढे, बाजेवर बसले होते. मॅडमनी त्यांना बारवेचं सगळं सांगितलं. चारी बाजूंनी उतरत जाणाऱ्या पायऱ्या, कोनाडे, दगडात दगड बसवायची पद्धत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "खरं सांगा, काय शोधून राहिले?"

"काही नाही हो. फक्त गाळ काढायचाय."

"कुणी फुकट गाळ काढतंय व्हय? जे काय निघंल त्यातलं निम्मं माझं."

अप्पांनी लगेच हात पुढे केला. सौदा ठरला. मग माधवरावांनी हळूच दुसरी गोष्ट सांगितली. त्यांची दुभती म्हैस बारवेत पडून मेली होती. काठाला कठडा नाही, गवतात कड दिसत नाही. "दिवाळी झाली की मी हे बुजवणार हाय. तवर काय काढायचं ते काढा."

परतताना मॅडम म्हणाल्या, बारव एकदा स्वच्छ झालेली बघितली की त्यांचं मन बदलेल. मी म्हटलं, हो. मला तसं अजिबात वाटत नव्हतं.

*

पूर्ण उन्हाळा आम्ही दर रविवारी घमेली उचलली आणि माधवरावांनी दर रविवारी बाज काठावर आणून पहारा केला. निघालं काय? चपला, बाटल्या, एक फुटकी घागर, क्रिकेटचे बॉल आणि गाळ. गाळाचा हा एवढा ढीग बांधावर लागला.

खजिना नाही म्हटल्यावर माणूस नाराज होईल असं आम्हाला वाटलं. त्यांनी ढिगावरची मूठभर माती घेतली, बोटांनी चुरली, वास घेतला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावून बरोबर अर्धा ढीग तुरीच्या रानात पसरला.

पुढच्या रविवारी अप्पांना म्हणाले, "निम्मं मी घेतलं. बाकीचं तुमचं तुम्ही न्या. माझ्या बांधावर कशाला ठेवता?"

आता आम्ही एवढी माती नेणार कुठं? अप्पांच्या दुकानात? आमचा वाटा तिथंच पडून राहिला आणि माधवराव भेटतील तेव्हा त्याची आठवण करून देऊ लागले.

*

बारवेच्या तोंडाशी एक दगड पालथा पडला होता. त्यावर बाया धुणं धूत. आम्ही तो उलटा केला तर खाली वीरगळ. लढाईत पडलेल्या कुणा माणसासाठी कोरलेला, घोडा, ढाल, तलवार सगळं शाबूत. मॅडमना तर काय करू आणि काय नको असं झालं. आम्ही तो धुतला, पुसला, उभा केला.

पुढच्या रविवारी त्याला शेंदूर लागलेला. पुढे नारळ, हार, अगरबत्ती.

मॅडमनी सगळ्यांना बसवून समजावलं की शेंदरानं कोरीव काम बुजतं. बायांनी माना डोलावल्या. त्याच्या पुढच्या रविवारी शेंदराचा थर वाढलेला! शेवटी मॅडमनी पाटी करून आणली. "हा ऐतिहासिक वारसा आहे. याला शेंदूर लावू नये."

आठवड्यानं गेलो. वीरगळ खरंच स्वच्छ होता. शेंदूर पाटीला लावला होता.

मी माधवरावांच्या बायकोला, सुमनबाईंना विचारलं, हे काय? चहाचा कप माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "बाईंनी सांगितलं दगडाला लावू नका. मग लावायचा कुठं?"

*

हे झालं गावाचं. आता आमचं ऐका, कारण असली चूक फक्त आमचंच मंडळ करू जाणे.

काही पायऱ्या खचल्या होत्या. त्या काढून पुन्हा जागच्या जागी बसवायच्या, तर आधी सगळ्यांना नंबर घालावे लागतात. मॅडम म्हणाल्या, खडूनं घालू. अप्पांना ते पटेना. खडू पावसात जाईल. त्यांनी दुकानातला सगळ्यात भारी पिवळा पेंट आणला आणि स्वतः बसून एकेका पायरीवर ठळक आकडे काढले. गावभर "वारशाला रंग लावू नका" सांगत फिरणारं मंडळ ते!

पायऱ्या बसल्या, पाऊस झाला, झरे मोकळे झाले, बारवेत नितळ पाणी आलं. आकडे आहेत तसेच. घासून बघितलं, नाही गेले. मॅडम अप्पांशी दोन रविवार बोलल्या नाहीत.

देगलूरहून बारव बघायला आलेल्या एकांनी मला विचारलं, "हे नंबर कशाचे हो?"

"रिझर्व्हेशनचे," मी म्हटलं. नोकरीतली सवय जात नाही.

बायांची मात्र सोय झाली. आता काठावरून हाक येते, "अगं, माझी कळशी अकरा नंबरवर ऱ्हायली, तेवढी आण."

*

मग एक मोठे साहेब पाहणीला आले. सोबत फोटोवाला. साहेबांना श्रमदान करताना फोटो हवा होता. अडचण अशी की बारव लख्ख होती, काढायला काडीसुद्धा नव्हती.

"थोडा कचरा मिळेल का?" फोटोवाल्यानं विचारलं.

माधवराव उठले, घरी गेले आणि टोपलंभर कचरा घेऊन आले. तो पायरीवर नीट पसरला. साहेबांनी झाडू मारला, फोटो निघाले. मग माधवरावांनी तो सगळा पुन्हा टोपल्यात भरला.

"राहू द्या, आमची माणसं टाकतील," साहेब म्हणाले.

"कसं टाकतील? आमच्या घरचा हाय, उकिरड्यावरच जाईल."

साहेब खूष झाले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपल्या शेतात असा ठेवा आहे. अभिमान वाटत असेल ना?"

"हाव, लई वाटतो," माधवराव म्हणाले. "दिवाळी झाली की बुजवणार हाय."

*

दिवाळी झाली. अप्पांच्या फोनवर माधवरावांचा आवाज, "उद्या जेसीबी येऊन राहिली. तुमचे खोरे-घमेले घेऊन जा."

मॅडमनी कॉलेजातून रजा घेतली. शेवटचे फोटो तरी घेऊ म्हणाल्या. अप्पा गाडीत मेजर टेप नुसताच ओढत आणि सोडत होते. मलाही फार वाईट वाटत होतं. आयुष्यभर एसटी सोडायचं काम केलं, पण हातानं घासलेली अशी एकही जागा माझ्या नावावर नव्हती. आणि माधवरावांवर रागही येईना. म्हैस त्यांची गेली होती.

आम्ही पोचलो तेव्हा जेसीबी बांधाशी उभी. ड्रायव्हर हिमायतनगरचा, तंबाखू मळत बसला होता. पण माधवराव घुश्शात येरझाऱ्या घालत होते.

त्यांची लेक रेणू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सव्वा महिना झाला की बाळंतिणीनं विहिरीवर जाऊन पाणी पुजायचं असतं, आणि तो दिवस नेमका हाच. माधवरावांनी घरात सांगितलं, आखाड्यावरच्या बोअरला पुजा. सुमनबाई म्हणाल्या, "बोअरला काय पुजू? बटन?"

आणि त्या निघालेल्याच दिसल्या. पुढे सुमनबाई, मागे बाळाला घेतलेली रेणू, तिच्यामागे ताट न् घुगऱ्या घेतलेल्या चार बाया. जेसीबीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सरळ पायऱ्या उतरल्या.

"रेणू, नऊ नंबरवर बस, तिथं कोरडं हाय."

पाण्याशी पाच खडे मांडले, हळदी-कुंकू वाहिलं, दिवा लावला. रेणूनं ओंजळीतलं पाणी बाळाच्या डोळ्यांना लावलं. बाळानं बारव दणाणून टाकली. चारी भिंतींनी त्याचं रडणं परत पाठवलं तसं ते एकदम गप्प झालं आणि ऐकू लागलं. मॅडम फोटो काढायचा विसरल्या.

वर येताना सुमनबाईंनी वीरगळाला कुंकू लावलं, पाटीला लावलं आणि हात चाललाच होता म्हणून जेसीबीच्या बकेटलाही लावलं. ड्रायव्हरनं तंबाखू टाकली आणि चपला काढल्या.

"मालक," त्यानं जरा दबकत विचारलं, "कुठून बुजवायला घेऊ?"

माधवरावांनी रेणूच्या हातून नात घेतली. तिला खांद्यावर टाकून बारवेच्या कडेनं चालू लागले, म्हैस पडली त्या कोपऱ्याशी थोडं थांबले आणि टाचेनं मातीत रेघ ओढत पूर्ण फेरी घालून परत आले.

"ह्या रेघेवर बांध घाल," ड्रायव्हरला म्हणाले. "म्हशीच्या छातीएवढा. पायऱ्यांच्या तोंडाशी वाट सोड."

मग अप्पांकडे वळले.

"अप्पा, तुमचं निम्मं अजून बांधावर पडून हाय. उसनं देता का?"