आवडाबाईचं अख्खं आवतण

कोलशेतची आवडाबाई धवलारीण होती. म्हणजे लग्नघरी गाणी म्हणून देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना नावानिशी आवतण देणारी बाई. काम मानाचं, पण डीजे आल्यापासून त्या मानाची पार रया गेली होती. गणपतीचं नाव घेऊन होतंय तोच कुणीतरी म्हणायचं, "बस गं मावशे, पोरांना नाचायचंय." मरायच्या आधी एकदा तरी आवतण अख्खं गायचं, एवढीच तिची इच्छा होती. दात पडायला लागले होते, त्यामुळे घाईही होती.

बंटीशेठने खाडीकाठी नाइटक्लब काढला, तेव्हा आईच्या हट्टाखातर त्याने उद्घाटनाला आवडाबाईला बोलावलं. शेठ म्हणजे गावचा भाई. त्याच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. आवडाबाई म्हणाली, "पुरं गायन, नायतर येनार नाय." शेठला गंमत वाटली आणि तो हो म्हणून बसला.

संध्याकाळी लाल-निळ्या दिव्यांत तिने सूर लावला आणि वर्षानुवर्षं आवतणाची वाट पाहून कंटाळलेले देव खरोखरच आले. गावदेवी आरशांच्या गोळ्याखाली उभी राहून पदर सारखा करू लागली. वेशीवरच्या म्हसोबाला बाउन्सरने 'बुटांशिवाय एन्ट्री नाही' म्हणून अडवलं, पण म्हसोबा पडला दगड, त्याला पायच नव्हते. पोर्तुगीजांच्या काळापासून खाडी राखणारा वेताळ बारवर माडी मागत होता. माडी नव्हती. मग ग्लासातली कागदी छत्री त्याने कौतुकाने कानात खोवली.

देव संपले, शेठच्या घरातले मेलेले सुरू झाले. आजा आला, आजी आली, तसतसा शेठ पांढरा पडत गेला. शेवटचं नाव तानाजीकाकाचं होतं. क्लबची जमीन त्याचीच. तो खाडीत बुडाला तेव्हा त्याच्या कमरेला दगड कुणी बांधला होता, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शेठने डीजेला खूण केली आणि स्पीकर धडधडू लागले. आवडाबाईचा आवाज त्यात बुडाला. याही खेपेला आवतण अपुरं राहणार, तेही एका नावावाचून.

वेताळाने उठून स्पीकरवर हात ठेवला. स्पीकर मुका झाला. तिने डोळे मिटून नाव घेतलं.

काका आला. अंगभर चिखल, कमरेचा दगड काखेत. बाउन्सरने सवयीने त्याच्या मनगटावर शिक्का मारला. काका सोफ्यावर शेठला खेटून बसला आणि मायेने म्हणाला, "जेवलास का रं बंटी?"

शेठने आवडाबाईचे पाय धरले. "मावशे, यांना परत पाठव ना. ते निरोपाचं गाणं बोल."

"ते शेवटाला," आवडाबाई म्हणाली. "आधी हलदीची गानी, मंग लग्नाची, मंग निरोप. चार दिस लागतीन. आन मधी कुनी थांबवलं त पयल्यापासून."

पुढले चार दिवस क्लबात कुणी नुसतं खाकरलं तरी बंटीशेठ हात जोडून गयावया करत होता, आणि आवडाबाई सावकाश, एकही नाव न गाळता गात होती.