धरलंय म्हणजे धरलंय

"धरलंय गं, धरलंय!" म्हणायचं आणि हळूच हात काढून घ्यायचा, ही पोहायला शिकवणाऱ्यांची जुनी खोड. मावशीला तिची भयंकर चीड. तलावावरचे मास्तर हसायचे, "अहो मावशी, त्याशिवाय पोरं शिकतात होय?" मावशी म्हणायची, "शिकतात. वेळ लागतो, एवढंच." बावीस वर्षं ती उथळ टोकाला कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. बोटं कायम सुरकुतलेली, केसांना औषधाच्या पाण्याचा वास. पण पोराने स्वतः 'सोड' म्हटल्याशिवाय तिने एकदाही हात काढला नाही. म्हणून मग मास्तरांनी घाबरवून ठेवलेली पोरं तिच्या पदरात पडायची.

नकोबाई त्यातलीच, सात वर्षांची. नाव मावशीनेच ठेवलेलं. टोपी? नको. चष्मा? नको. पाणी? नकोच नको! एके काळी हीच पोर तलावातून बाहेर निघायला तयार नसायची म्हणे. मग एका मास्तरांनी 'धरलंय' म्हणून सोडली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि सगळं मुसळ केरात.

पहिले आठ दिवस दोघी पायरीवर पाय सोडून नुसत्या गप्पा मारत बसल्या. मग पाण्यात बुडबुडे काढणं. मग तळाशी टाकलेला चमचा आधी कोण उचलतं याची शर्यत; मावशीचे गुडघे कुरकुरायचे, त्यामुळे ती खरोखरच हरायची. महिन्याभरात पोरगी मावशीच्या तळहातांवर आडवी होऊन हातपाय मारायला लागली. खिदळायला लागली. तास संपला की "अजून एकदाच!" म्हणून हटून बसायला लागली. मावशीला कोण आनंद!

"सोडू का?"

"नको."

"बरं. घाई कुणाला आहे?"

घाई आईला होती. सोमवारी पोरगी आली ती हाताची घडी घालून पायरीवर उभी राहिली.

"मावशी, शुक्रवारी तू मला सोडलंस. आई म्हणाली. मला कळलंसुद्धा नाही, म्हणजे मला पोहता येतं."

शुक्रवारी मावशीचा खांदा भरून आला होता, तरी तिने हात तसूभर हलवला नव्हता. एवढ्यात आई काठावर वाकून कुजबुजली, "तिला धीर यावा म्हणून बोलले हो. तेवढं सांभाळून घ्या."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं जिवापाड जपलेला शब्द, आणि या बाईने घरबसल्या मोडीत काढला! विचारायचं तरी एकदा! 'तुझी आई खोटं बोलली' हे अगदी ओठांवर आलं. मग तिने पोरीकडे पाहिलं. शिकवणारी खोटी निघाली तर पोर दुसरी शोधेल. आई खोटी निघाली तर तिने कुणाच्या कुशीत शिरायचं?

"हो," मावशी म्हणाली. "सोडलं होतं."

पोरगी रडली नाही. "तूपण?" एवढंच म्हणाली. मग भिंतीला पाय मारून जी निघाली ती थेट पलीकडे. मावशी पाण्यातून शेजारी चालत होती, हात तयार ठेवून, पण लागला नाही तो. आईने टाळ्या पिटल्या, "बघा! म्हटलं नव्हतं?" पोरगी वर आली. हसली मात्र नाही.

पुढच्या तासाला एक नवीन पोरगी आली होती. टॉवेल गच्च धरून बाकावर बसलेली, रडवेली. नकोबाई केस पुसत तिच्याजवळ थांबली.

"घाबरू नकोस. पाणी चांगलं असतं," ती मोठ्या माणसासारखी समजूत घालत म्हणाली. "फक्त या मावशीचं काही खरं मानू नकोस. ती धरलंय म्हणते आणि सोडते."

मावशीने पुढे केलेला हात बघून नवी पोरगी बाकाच्या पार टोकाला सरकली.