चार आणि चारा

मला जन्मापासून दिसत नाही. त्यामुळे कॉम्प्युटरचा पडदा कसा असतो ते मला सांगता यायचं नाही. माझ्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे एक आवाज. मी बटणं दाबत जातो आणि पडद्यावर जे असेल ते तो आवाज वाचून दाखवतो. आवाज असेल तर मी कामाचा माणूस, नसेल तर टेबलाजवळ बसलेला पाहुणा.

नांदेडच्या एका कार्यालयात मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो. राहायला मुदखेडला, रोज सकाळी रेल्वेनं जायचं, संध्याकाळी परत. पुढं सगळ्यांच्याच खिशात मोबाईल आले आणि टेलिफोनचा बोर्ड एक दिवस उचलून स्टोअररूममध्ये गेला. मला आवक-जावक टेबलावर बसवलं. आलेली पत्रं कॉम्प्युटरवर वाचायची, विषय टाकायचा, ज्याच्या त्याच्या टेबलाला पाठवायची. त्यासाठी कार्यालयानं एका मोठ्या कंपनीचं वाचणारं सॉफ्टवेअर घेऊन दिलं होतं. ते इंग्रजी झकास वाचायचं, मराठीही बऱ्यापैकी.

एका सोमवारी मी कॉम्प्युटर चालू केला तर आवाजानं इंग्रजीत एवढंच सांगितलं, की तुमची मुदत संपली आहे. त्यानंतर गप्प. नवीन मुदतीसाठी वर पत्र गेलं. वरून कधी उत्तर येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चार दिवस मी नुसता बसून होतो. शेजारच्या टेबलावरच्या बाई माझी पत्रं वाचून द्यायच्या. त्या भल्या होत्या, कधी कुरकुरल्या नाहीत. पण आपलं काम दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं म्हणजे मला अवघडल्यासारखं व्हायचं.

लातूरला माझा एक मित्र आहे. अंध शाळेच्या वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. तो आता तिथं शिक्षक आहे. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसायलाच लागला.

"लेका, तू अजून त्या कंपनीच्या दारात उभा हाईस? रविवारी ये इकडं."

रविवारी एसटीनं लातूर गाठलं. त्यानं माझ्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला. त्यात एक वाचणारं सॉफ्टवेअर होतं. ते आपल्यासारख्याच न दिसणाऱ्या लोकांनी बनवायला घेतलं, मग जगभरातली माणसं त्यात भर घालत गेली. कुणी विकत नाही, मुदत नाही, कुणालाही वापरता येतं. त्याच्या शाळेतल्या सगळ्या मशीनवर तेच होतं. त्यानं माझ्यासमोर चालवून दाखवलं. आवाज पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा होता, पण शब्दन् शब्द सांगत होता.

"गोडवा कमी हाय," मित्र म्हणाला, "पण सोडून जात न्हाई."

मंगळवारी मी साहेबांकडे परवानगी मागायला गेलो. साहेब मूळचे उदगीरकडचे, बोलायला मोकळे.

"फुकट हाय म्हणता?" त्यांनी विचारलं.

"हाव साहेब."

"मग काहीतरी गडबड असणार. आजकाल फुकट कोण देतंय?"

"साहेब, तुमच्या मोबाईलवरचे नकाशे, मेसेज, व्हिडिओ हे सगळं तरी तुम्ही कुठं विकत घेतलंय?"

साहेबांनी खिशातला मोबाईल काढून टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "ते खरं हाय. पण ती मोठी कंपनी हाय, माहितीतली."

"कंपनी आपल्या माहितीतली न्हाई साहेब, आपण तिच्या माहितीतले."

बोलून गेल्यावर मला वाटलं, जास्त झालं. पण साहेब खो खो हसले. म्हणाले, "लावा आठ दिवस. बघू, काय वाचतंय तुमचं मशीन." आणि तिथल्या तिथं त्यांनी मेलवर आलेला एक रजेचा अर्ज मला पाठवला. मी पेनड्राइव्ह लावला. सगळं ऑफिस गोळा झालं.

अर्ज साधाच होता. हदगावला चुलत भावाच्या लग्नासाठी चार दिवसांची रजा हवी होती. पण त्या आवाजानं 'चुलत' मधला च 'चहा'सारखा म्हटला. 'रजा' मधला ज 'जीव'सारखा म्हटला. आणि 'हदगाव' तर असं म्हटलं की तीन वेगळी गावं वाटावीत. सगळे पोट धरून हसले. हिंदी सिनेमातला एखादा माणूस मराठी बोलून राहिलाय, असं शेजारच्या बाई म्हणाल्या. मीही हसलो. कारण पत्र मला समजलं होतं, आणि ते मला कुणी वाचून दिलेलं नव्हतं.

आठ दिवसांचे पंधरा झाले, मग कुणी विचारलंच नाही. पुढं मी घरच्या जुन्या लॅपटॉपवरही तेच बसवलं. खरी गोष्ट तिथून सुरू झाली.

माझी बायको हदगावची. तिला दिसतं. शिक्षण सातवीपर्यंत, पण कान असा की पलीकडच्या गल्लीत कुणाची गाडी आली ते ती स्वयंपाकघरातून सांगते. पहिल्या दिवशी मी बातम्या ऐकत होतो तर ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

"कोण हो ही बाई?"

"मशीन हाय."

"मशीन असू द्या न्हाई तर बाई असू द्या. 'चांगलं' असं कुठं म्हणतेत का?" आणि तिनं लॅपटॉपच्या दिशेनं मोठ्यानं म्हणून दाखवलं, "चांगलं! चुलीचा च हाय तो. चहाचा न्हाई."

मी पन्नाशीला आलो होतो. शाळेत ब्रेल शिकलो, कॉलेज केलं, नोकरी केली. पण मराठीत एकाच च चे दोन आवाज आहेत हे मी कधी मुद्दाम मोजलं नव्हतं. तोंड आपोआप म्हणत होतं. चहाचा च आणि चुलीचा च. तसाच ज. तसाच झ. 'माझी'मध्ये एक, 'माझा'मध्ये दुसरा. लिहिताना सारखंच, म्हणताना वेगळं. मशीनला बिचारीला कोण सांगणार?

आधी मी मोबाईलच्या मोठ्या कंपनीला लिहिलं, कारण तिचा गोड आवाजही हीच चूक करायचा. दोन मिनिटांत उत्तर आलं, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच मोल. तिसऱ्यांदा मी लिहिलं नाही. आता मित्र म्हणाला, की या आपल्या फुकटच्या आवाजाचं काम बघणाऱ्या माणसांना लिहून बघ. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मेल पाठवला. एक अक्षर, दोन आवाज, आमचं मशीन परक्या माणसासारखं बोलतं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणारा कुठल्यातरी थंड देशातला होता. त्याला मराठीचं अक्षरही येत नव्हतं, आणि ते त्यानं पहिल्याच ओळीत कबूल केलं होतं. त्यानं विचारलं होतं, असे किती शब्द आहेत? यादी पाठवाल का? आणि कुठला आवाज कधी येतो, याचा काही नियम आहे का?

मी बायकोला वाचून दाखवलं. तिला फार गंमत वाटली. "म्हंजे तिकडं बसून एक माणूस आपला च शिकून राहिलाय?"

पुढचे पाच-सहा रविवार आमच्या घरात हेच चाललं. दुपारी जेवणं झाली की ती तूर निवडायला बसायची आणि मी लॅपटॉप घेऊन समोर. ती शब्द सांगायची, मी टाकायचा आणि पुढं लिहायचं, चहा की चूल. चार चहाचा, चारा चुलीचा. चंद्र चहाचा, चांदणं चुलीचं. जेवण एक, जावई दुसरा. 'चिंच' आली तेव्हा ती थबकली. दोनदा म्हणून बघितली.

"आवं, ह्याच्यात दोन्ही हायेत! पहिला चहाचा, दुसरा चुलीचा."

मीही म्हणून बघितली. खरंच होतं. इतकी वर्षं आम्ही चिंच खात होतो.

नियम सापडला तोही तिलाच. एकदा ती शब्द सांगायचं थांबली. नुसती तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. मग म्हणाली, "चि न् चे म्हणताना ओठ ताणतेत. तिथं कधीच चुलीचा येत न्हाई. बघा, चिमणी, चेहरा, माझी, रजेचा. 'रजा' चुलीसारखी, पण 'रजेचा' म्हटलं की जे मऊ झाला."

मी पाच-पन्नास शब्दांवर लावून बघितला. पक्का नियम. व्याकरणाच्या पुस्तकात तो असणारच, पण आमच्या घरात तो तुरीच्या सुपासमोर सापडला. मी तो मित्राला फोनवर सांगितला तेव्हा तो म्हणाला, "वहिनीला आमच्या शाळेत पाठव, माझी नोकरी सोडतो मी."

मित्राचीही मदत होती. यादी मी त्याला वाचून दाखवायचो आणि तो लातूरच्या तोंडानं तपासायचा. बहुतेक शब्दांवर एकमत झालं. अडलं ते 'चष्मा'वर. तो म्हणे, चहाचा च. माझ्या गल्लीत सगळे चुलीचा म्हणतात. ज्यांना चष्म्याचा काडीचा उपयोग नाही अशी आम्ही दोन माणसं चष्म्यावरून अर्धा तास भांडलो. बायको आतून ओरडली, "कोण घालणार हाय तो?" तेव्हा कुठं थांबलो. शेवटी चष्मा यादीतून काढला.

थंड देशातल्या माणसानं मग नमुना म्हणून आवाज मागितले. दोन्ही च कानांनी ऐकल्याशिवाय त्याला समजेना. बायको आधी लाजली. "माझं बोलणं खेड्यातलं हाय. पुण्याच्या कुण्या बाईला सांगा." मी म्हटलं, त्याला पुणं न् हदगाव सारखंच लांब. मग तयार झाली. मोबाईलसमोर बसून तिनं एकेक शब्द दोनदा म्हटला. 'चारा'ला कुकरची शिट्टी झाली, 'झाड'ला दारावर भाजीवाला ओरडला. ते पुन्हा घेतले. ते पोचल्यावर त्यानं इंग्रजीत कळवलं, की बाईंचा आवाज फार स्वच्छ आहे. मी भाषांतर करून सांगितलं. त्या दिवशी आमच्याकडे गोड केलं होतं, कारण विचारलं तर म्हणे, सहज.

दोन-अडीच महिन्यांनी नवीन आवृत्ती आली. मी ती ऑफिसातच बसवली. पहिलंच पत्र उघडलं आणि आवाजानं 'चाचणी' असं म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. दोन्ही च चुलीचे! 'हदगाव' एका दमात. पत्र्याचा डबा तोच, पण आत माणूस आपल्याकडचा बसला होता. मी साहेबांना बोलावलं.

साहेबांनी कान दिला. "आरे वा, सुधरली की ही! वाचा अजून."

पुढच्या ओळीत बैठकीनंतर चहाची व्यवस्था केल्याचं लिहिलं होतं. आवाजानं 'चहा' चुलीच्या च नं म्हटला.

पुन्हा सगळं ऑफिस हसलं. घरी येऊन मी सांगितलं तर बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. "बाकी सगळं सुधरवलं न् चहाच बिघडवला? लिहा त्याला." मी लिहिलं. त्यानं माफी मागितली आणि आठवड्यात दुरुस्ती करून पाठवली. मोठ्या कंपनीच्या मोलाच्या उत्तरांपेक्षा मला ही माफी फार आवडली. चूक झाली, हे सांगायला तिथं एक माणूस होता.

त्या दुरुस्तीसोबत मदत करणाऱ्यांची एक यादी होती. देशोदेशीची नावं होती. मराठीच्या ओळीत माझं नाव होतं, मित्राचं होतं, आणि तिसरं इंग्रजीत, 'त्यांची पत्नी, मुदखेड'. मी मेलमध्ये तेवढंच लिहिलं होतं. चूक माझीच.

मी ते हौसेनं वाचून दाखवलं. तिनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "नियम मी काढला, आवाज माझा, न् मला नाव न्हाई का?"

मला इतकी लाज वाटली की मी तिथंच बसून मेल लिहिला. तिचं नाव, माहेर, सासर, सगळं घातलं. नियम तिनंच काढला हेही लिहिलं. दोन दिवसांनी यादी बदलून आली. आता तिचं नाव पहिलं होतं, मग मित्राचं, मग माझं. मी तिला हाक मारली आणि बटण दाबलं.

आम्ही न दिसणारी माणसं आवाजाचा वेग फार वाढवून ठेवतो. सवय झालेली असते. इतरांना नुसती गुणगुण ऐकू येते.

"काहीच न्हाई समजलं," ती म्हणाली. "किती पळून राहिली ती! जरा हळू लावा. न् मोठ्यानं. शेजारच्या काकूंना बी ऐकू जाऊ द्या."

मी वेग अगदी खाली आणला, आवाज वाढवला. ती तोवर खिडकी उघडायला गेली होती.