चिखलात राहिलेला पाय

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि माझा एक पाय गोणीतून परत आला.

माझा म्हणजे मी बनवलेला. माझे स्वतःचे दोन्ही जागेवर आहेत. अपघातात किंवा शुगरने पाय गेलेल्या माणसांना मी कृत्रिम पाय बनवून देतो. भाईंदरला केबिन रोडच्या आतल्या गल्लीत एका ट्रस्टचं वर्कशॉप आहे, तिथे. शिक्षण चौथी. माणगावाहून आलो तेव्हा भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात डबे ठोकायचो. हात चांगला म्हणून इकडे घेतलं. दुरुस्तीला पाय येतात, पट्टा बदलायला येतात. पण ‘नको’ म्हणून आलेला पाय मी त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता.

गोणी आणली नीलेशने. राई गावातल्या काशिनाथ पाटलांचा हा मुलगा. त्याने पाय काढून टेबलावर ठेवला. घोट्याच्या वरपर्यंत वाळलेला चिखल, वरचा पट्टा तुटलेला.

“बाबा शेतात उतरले,” तो म्हणाला. “पाय चिखलात उभा राहिला आणि बाबा पायातून बाहेर आले. आडवे पडले. आता म्हणतात, मिस्त्रीला देऊन टाक.”

“नीट घातला नसेल.”

“काका, घालायला तुम्हीच शिकवलंत.”

मी चिखल खरवडायला घेतला.

आदल्या पावसाळ्यात चिखलणी करताना पाटलांचा अपघात झाला होता. चिखलणी म्हणजे भात लावायच्या आधी पाणी भरलेल्या शेताचा लोण्यासारखा चिखल करतात, ती. पूर्वी बैल होते, आता पॉवर टिलर. पाटील घसरले आणि टिलरचं फिरतं पातं डाव्या पायात गेलं. नीलेशने मशिन बंद करून बापाला ओढून काढलं. पाय गेला, गुडघा वाचला. आमच्या धंद्यात गुडघा वाचणं फार मोठी गोष्ट आहे. मग जखम भरली, उरलेल्या पायाची सूज उतरली. त्या उरलेल्या भागाला आम्ही स्टंप म्हणतो. स्टंप ज्या प्लास्टिकच्या भांड्यात बसतो ते सॉकेट, त्याखाली नळी, आणि नळीखाली रबरी पाऊल. हे सगळं गुडघ्यावरच्या पट्ट्याने धरून ठेवायचं. थंडीच्या दिवसांत मी पाटलांना पाय दिला. शिमग्याला ते पालखीबरोबर गावभर फिरले. मी स्वतः बघायला गेलो होतो.

पण पाटलांना पालखीसाठी पाय नको होता. घरची बाकी जमीन कधीच बिल्डिंगखाली गेली होती. उरली होती मागची थोडी खाचरं, म्हणजे भाताचे बांध घातलेले तुकडे. एका लग्नाच्या लॉनवाल्याला ती भाड्याने हवी होती. भराव टाकून तो वर हिरवं कार्पेट अंथरणार होता. पाटील हॉस्पिटलच्या खाटेवर असताना नीलेशने विषय काढला, तेव्हा ते म्हणाले होते, पुढच्या वर्षी मी स्वतः आवणी केली तर शेत राहील, नाही केली तर तू भराव टाक. आवणी म्हणजे रोपं उपटून चिखलात लावायची ती. नीलेशला वाईट म्हणू नका. ज्याने बापाला टिलरखालून ओढून काढलंय, त्याला बाप परत त्या चिखलात कशाला हवा असेल? आता आवणी तोंडावर होती आणि पाय माझ्या टेबलावर.

मी पाटलांना बोलावून घेतलं. पट्टा नवा लावला. वर्कशॉपमध्ये दोन समांतर दांड्या आहेत, पॅरलल बार. नवीन माणूस त्या धरून चालायला शिकतो. समोरच्या भिंतीला आरसा, मागच्या टोकाला प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गोण्या रचलेल्या. मी म्हटलं, “पाटील, चालून दाखवा.”

ते दांड्यांना हात न लावता आरशापर्यंत गेले. लंगडणं नावाला.

“बघा. पायात काय वाईट आहे?”

“पाय चांगला हाय,” पाटील म्हणाले. “तुझ्या लादीवर मी वरातीत नाचीन, मिस्त्री. माझ्या शेतात लादी न्हाय.”

आमच्या डॉक्टर मॅडमनी त्यांना बसवून पाय उतरवला. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत. आमचं रोज काही ना काही वाजतं, पण त्यांची नजर मी मानतो. त्यांनी स्टंप फिरवून बघितला आणि मला जवळ बोलावलं. गुडघ्याच्या मागच्या वळीत कातडी सोलली होती.

“काका, हे इथे कसं?”

मीही विचारात पडलो. चालताना भार पुढे येतो, गुडघ्याच्या वाटीखाली. सॉकेट सैल झालं तर पुढे घासतं, खाली टोकाला घासतं. मागे घासायला कारणच नाही. हा माणूस चालताना असं काय करतो? पाटलांना विचारलं तर म्हणाले, सगळे करतात तेच करतो. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही. रागाने नाही, कारण सापडेना म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाय पिशवीत घातला आणि उत्तनच्या बसने राईला उतरलो. मॅडमनी फोनवर बजावलं होतं, जखमेवर जाड पट्टी बांधा आणि बघण्यापुरताच पाय घाला, कामाला नाही. शेत बिल्डिंगच्या मागे. पाटलांची बायको जनाबाई दोन बायकांना घेऊन वरच्या खाचरात रोपं लावत होती. मी बांधावर उभा राहिलो आणि साहेबासारखा म्हणालो, “उतरा पाटील, बघू काय होतं ते.”

बांधाचा आधार घेऊन ते उतरले. चार पावलं पुढे गेले. जड गेलं, पण पाय सुटत होता.

“जातोय की,” मी म्हणालो.

पाटलांनी माझ्याकडे एकदा बघितलं. बायकोकडून रोपांची मूठ घेतली. मग वळले, रिकाम्या खाचराकडे पाठ केली, कमरेत वाकले, तीन-चार रोपं खोचली, आणि उजवा पाय मागे घेतला. मग डावा मागे ओढला. पाय आला नाही. पट्टा ताणला, सॉकेटची मागची कड गुडघ्यामागे रुतली, आणि जनाबाईने दंड धरला नसता तर ते परत आडवे झाले असते.

आवणी मागे-मागे जात करतात. पुढे जात केली तर लावलेलं रोप आपल्याच पायाखाली येईल. हे मला सांगायची गरज नव्हती. माझी आई जन्मभर तशीच मागे गेली आणि लहानपणी मी तिला मुठा नेऊन द्यायचो. पण वर्कशॉपमध्ये मी सगळ्यांना आरशाकडे चालवलं. पाटीलही कधी बोलले नाहीत. आवणी मागे जात करतात हे कुणाला सांगावं लागेल, असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

जनाबाई म्हणाली, “मिस्त्री, तुमच्या आयला आवणी करताना कवा पाह्यलं न्हाय काय?”

बायका हसल्या. मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरलो. मला एकच गोष्ट बघायची होती. आपला धडधाकट पाय मागे जाताना सुटतो कसा? दोन पावलं मागे, परत दोन पावलं मागे, असा मी खाचरभर फिरलो. एका बाईने विचारलं, मिस्त्रींचं काही हरवलंय काय. शेवटी लक्षात आलं. घट्ट बांगडी काढताना बाई हात चिंबवते, म्हणजे आवळून निमुळता करते ना, तसा पाय चिखलात स्वतःला चिंबवतो. बोटं खाली लांब होतात, घोटा ढिला पडतो, टाच आधी वर येते आणि बाजूने हवा आत शिरते. रबरी पावलाला हे येत नाही. पुढे जाताना त्याची टाच आपोआप उचलते, म्हणून निभतं. मागे जाताना टाचच नांगरासारखी आडवी येते.

हवेवरून मला कारखाना आठवला. एकात एक घट्ट बसलेले स्टीलचे डबे जोर लावून सुटत नाहीत. कडेने पातळ पट्टी सारून हवा दिली की हाताने निघतात. म्हणजे टाच नको, बोटं नकोत, आणि हवेला वाट पाहिजे. मी काठीने चिखलाची खोली बघितली. खाली कडक तळ लागला. तळ आहे म्हणजे पाऊल लहान असलं तरी माणूस खचणार नाही.

मी बांधावर येऊन सांगितलं, “पाटील, शेतासाठी वेगळा पाय करतो. नळी, आणि खाली नारळाच्या करवंटीएवढा गोल रबर. त्याला उभ्या खाचा.”

पाटलांचा चेहरा उतरला. “म्हणजे खुंटा. मना खुंटा बांधून गावासमोर उभा करतोस?”

खरं सांगतो, मलाही ते आवडलं नव्हतं. पाऊल पावलासारखं दिसलं पाहिजे, त्याची नखंसुद्धा दिसली पाहिजेत, यावर मी हट्टाने काम केलेलं आहे. खुंटे बनवणाऱ्यांना मी नावं ठेवत आलो. म्हणून मीही त्यांना पटवायला गेलो नाही. दोघं बांधावर तोंडं फिरवून बसलो.

जनाबाईने मान वर न करता रोपं लावत लावत म्हटलं, “चिखलात कुणाचा पाय दिसतो?”

पाटलांनी हाताचा चिखल बांधाच्या गवताला पुसला. मग म्हणाले, “कर.”

मॅडमनी अट घातली. कातडी सुकल्याशिवाय नवा पाय चढवायचा नाही, आणि तो फक्त शेतात घालायचा, रस्त्यावर नाही. पाटील म्हणाले, रोपं थांबत न्हाईत. त्यावर जनाबाईनेच तोड काढली. बाकीची खाचरं ती लावून घेणार, बांधालगतचं एक खाचर आणि त्याच्यापुरती रोपं राखून ठेवणार. नीलेश एवढंच म्हणाला की एका खाचराची आवणी म्हणजे आवणी धरायची का? आईने त्याच्याकडे बघितलं. त्याने परत विचारलं नाही.

मी नवं सॉकेट केलं आणि त्याची मागची कड खाली उतरवली. मांडीला चामड्याचा रुंद पट्टा घेतला, म्हणजे ओढ एकट्या गुडघ्यावर येणार नाही. रबर कानशीने घासून गोल केला, त्याला खाचा पाडल्या. बादलीत चिखल कालवून ओढून बघितला. दिसायला अगदी वाईट होता. मी त्यावर फडकं टाकून ठेवायचो.

कातडी सुकल्यावर मॅडमनी हो म्हटलं, त्या सकाळी मी राईला गेलो. राखलेली रोपं जरा जून झाली होती. पाटलांनी बांधावर बसून चांगला पाय उतरवला आणि माझ्या मांडीवर ठेवला. “धर. चिखल लागू देऊ नको.” मग खुंटा चढवला, उतरले, पाठ केली, वाकले.

पहिली रोपं खोचली. उजवा पाय मागे. मग डावा. पचक असा आवाज आला आणि खुंटा बाहेर निघाला.

पाटील मागे सरकले, खोचली, परत सरकले. एका जागी तोल गेला तेव्हा हात चिखलात टेकून थांबले. नीलेश उतरायला निघाला. “थांब तिथंच,” बाप म्हणाला, तसा तो थांबला. ओळ वाकडी गेली. वेळ इतका लागला की बायका घरी जाऊन भाकऱ्या थापून आल्या. मी पाय मांडीवर घेऊन बसलो होतो आणि पावसाची सर आली तेव्हा छत्री त्याच्यावर धरली.

पलीकडच्या बांधाला पाटलांची पाठ टेकली. ते वळून बांधावर बसले आणि खाचराकडे बघत राहिले. तेवढ्यात नीलेशला लॉनवाल्याचा फोन आला. तो जरा बाजूला गेला, पण ऐकू येत होतं.

“नाही शेठ,” तो म्हणाला. “भात लावलंय.”

खुंट्याने पाटील पूर्वीसारखे झाले नाहीत, हेही सांगतो. संध्याकाळी स्टंप लाल झाला होता. दिवसभर काम त्यांना आता झेपत नाही. थोडं लावायचं आणि बसायचं. टिलर नीलेश चालवतो. पाटील बांधावरून त्याच्या चुका काढतात. पण शेत शेतच राहिलं.

मी लोकांना कायम सांगत आलो की पाय बरोबर बसला की नाही, ते माणूस चालला की कळतं. आता तेवढ्यावर माझं समाधान होत नाही.

त्या आवणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप उघडलं आणि पॅरलल बारच्या मागच्या टोकाला रचलेल्या प्लास्टरच्या गोण्या एकेक करून जिन्याखाली नेऊन ठेवल्या. शेवटची उचलत होतो तेव्हा मॅडम आल्या. म्हणाल्या, “काका, कंबर धरेल. कशाला हलवताय?”

“मागे जायला जागा नव्हती,” मी म्हणालो.