कानामात्राचं साउंड कार्ड

दुसऱ्यांच्या घरातलं बोलू नये असं आमची ही म्हणते, म्हणून ती बाहेर गेल्यावरच सांगायला बसलोय.

आमच्या छापखान्यातल्या मुद्रितशोधकाला सगळे कानामात्रा म्हणतात. उभा जन्म चुका शोधण्यात गेला. कुणाची लग्नपत्रिका हातात दिली तरी हा आधी लाल पेन काढणार. स्वतःची पत्रिका छापायची तेवढी राहून गेली. त्याच्यासमोर बावीस वर्षं एक बाई बसायच्या. त्या हस्तलिखित मोठ्यानं वाचायच्या, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि हा छापील मजकुरावरून बोट फिरवायचा. एवढ्या वर्षांत कामाबाहेरची दहा वाक्यं दोघं बोलले असतील तर मी मिशी उतरवून देईन. पण बाई रजेवर असल्या की याचा डबा न उघडताच घरी जायचा. लोकांचे डबे पाहणं हा माझा जुना छंद.

बाई निवृत्त झाल्या आणि दूरच्या शहरात मुलाकडे राहायला गेल्या. कानामात्रानं मालकाला गळ घातली, की बाई तिकडे संगणकावर वाचून ध्वनिमुद्रण पाठवतील, मी घरी हेडफोन लावून तपासेन. ठरलं. पण आवाजामागे सारखी घरघर. जणू बाई फ्रिजमध्ये बसून वाचतायत. शब्द निसटायला लागले, पानांत चुका राहिल्या. मालक म्हणाला, आता यंत्रसुद्धा वाचून दाखवतं, बाईंना कशाला त्रास? झालं. याचं जेवणावरचं लक्षच उडालं.

कुणीतरी सांगितलं, संगणकात मुळातच असते ती आवाजाची सोय कामचलाऊ असते, वेगळं साउंड कार्ड बसव. घेऊ की नको यात तीन आठवडे गेले. तो ज्यांच्याकडे राहतो त्या वहिनींनी विचारलंच, "भावजी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीय, आणि कानांचे एवढे लाड कुणासाठी?"

शेवटी संगणकाच्या दुकानातली बाई घरी आली. तिनं दुसरंच कसलं तरी ध्वनिमुद्रण लावलं. घरघर अजिबात नाही. ती म्हणाली, तुमचं यंत्र ठणठणीत आहे, रोग तिकडचा आहे, कार्ड तिकडे बसवा.

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. बावीस वर्षांत बाईंच्या वाचनात एक चूक निघाली नव्हती, तेव्हा चूक असलीच तर आपल्या बाजूला, असं तो धरून चाललेला. आता पंचाईत. स्वतःच्या यंत्रासाठी कार्ड घेतलं तर कुणी विचारणार नव्हतं. बाईंसाठी घ्यायचं तर बाईच विचारतील. तरी घेतलं, आणि सल्ल्यासाठी माझ्याकडे आला. माझ्याकडे! म्हणजे किती अडला असेल बघा. मी म्हटलं, फोन लाव. त्यानं लावला, आणि मी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं पाहू लागलो.

"बाई, तुमच्या संगणकासाठी कार्ड घेतलंय. पोस्टानं पाठवू, की येऊन बसवून देऊ?"

त्याचा फोन एवढा मोठ्यानं बोलतो, की कान न लावताही पलीकडचं ऐकू आलं.

"मुलाला येतं बसवायला," बाई म्हणाल्या. "पण तो सारखा घाईत असतो. तुम्हीच या. आत्ता नको, सूनबाईंच्या माहेरची माणसं आलीयत. पुढच्या महिन्यात या."

पुढचा महिना लागायला अजून अकरा दिवस आहेत. तिकीट काढून झालंय. दुकानातल्या बाईकडून तो कार्ड बसवायला शिकून आलाय आणि रोज संध्याकाळी स्वतःच्या संगणकाची पेटी उघडून सराव करतो. बसवतो, काढतो, पुसून परत खोक्यात ठेवतो. काल मी मुद्दाम विचारलं, अरे, बसवतोच आहेस तर आवाज कसा येतो ते तरी सांग.

"ऐकलं नाही अजून," तो म्हणाला, आणि स्क्रू काढायला लागला.